चार बोटांचा पंजा

मी भूगोल शिकवते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे हाडांविषयी काही चुकलं तर कुणी माझ्या पदवीवर घसरायला नको. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी येईना, आणि एका दुपारी विज्ञानाच्या खोलीची किल्ली माझ्या टेबलावर येऊन पडली. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमचा हात नकाशात चांगला आहे, हेही जमेल." नकाशाचा आणि बेडकाच्या पचनसंस्थेचा काय संबंध, ते मला अजून उमगलेलं नाही. पण किल्ली परत करायची हिंमत झाली नाही.

शाळा पेठ गावाच्या अलीकडे, हायवेला लागून. विज्ञानाची खोली जुन्या बांधणीची, छत उंच आणि खाली जागा म्हणाल तर नाहीच. प्रदर्शनासाठी काय करायचं असं मुलांना विचारलं, तर सगळा वर्ग एका सुरात ओरडला, डायनोसॉर. मी म्हटलं, उभा कुठे करायचा, माझ्या डोक्यावर? तेव्हा एक मुलगी म्हणाली, बाई, उडणारा करू, वर टांगता येईल. मोठ्या बाईंना ही युक्ती फार आवडली, कारण छताला टांगलेल्या वस्तूला मुलं हात लावू शकत नाहीत. झालं, ठरलं. घरी येऊन मोबाईलवर वाचायला बसले आणि पहिल्याच ओळीला आपटले. उडणारा डायनोसॉर म्हणतात तो डायनोसॉर नव्हेच. त्याचं नाव टेरोसॉर. डायनोसॉरांचा समकालीन, फार तर चुलत भाऊ म्हणा, पण घराणं वेगळं. उडणारा सरपटणारा प्राणी. उडतो तर सरपटतो कशाला, हे आता मुलांना कोण समजावणार?

आणि त्याचा सांगाडा करणार कोण, हाही प्रश्न होताच. पण त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. खरं सांगायचं तर सांगाड्याचं काम मी गळ्यात घेतलं ते त्या उत्तरासाठीच.

माझं माहेर जुन्नरचं. अब्बा मोहरमचे ताबूत करायचे. वेळूच्या कामट्या तासायच्या, सुतळीने आवळायच्या, मजल्यावर मजला चढवायचा, मग खळ लावून रंगीत कागद आणि चमकी. वर कळसाला पंजा. ताबूत खांद्यांवरून गल्लीबोळांतून फिरतो, म्हणून तो हलका हवा, आणि कितीही धक्के बसले तरी सांधा निखळता कामा नये. अब्बांनी आवळलेला सांधा निखळलेला कुणी पाहिला नव्हता. गेल्या वर्षी मात्र वरचा मजला मिरवणुकीच्या मध्येच कलला. लोकांनी बांबू लावून सावरला, पण यंदा मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनी ताबूत दुसऱ्या घराकडे दिला. "चाचांनी आता आराम करावा," असा निरोप आला.

तेवढंच असतं तर सोडून दिलं असतं. पण अब्बा सुतळी आणायला म्हणून गेले आणि एसटी स्टँडवर बाकावर बसलेले सापडले. कुणाची वाट बघताय विचारलं तर म्हणाले, गाडीची. कुठल्या गाडीची, ते सांगता येईना. एकदा त्यांनी भाभीला विचारलं, अम्मी कुठे गेली? अम्मीला जाऊन वर्षं लोटली. भाभी हातातलं पीठ तसंच धरून उभी राहिली, तर हे हसले आणि म्हणाले, "मस्करी केली गं." आता ही मस्करी होती की झाकपाक? भाऊ म्हणतो, अब्बांचं डोकं ताळ्यावर राहिलं नाही, हातात कोयता देऊ नका. भाभी म्हणते, काही नाही, म्हातारा पहिल्यापासून हट्टी आणि विसराळू. नारायणगावचे डॉक्टर म्हणाले, वयानुसार होतं, लक्ष ठेवा. लक्ष ठेवा म्हणजे काय ठेवा, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

मी भूगोलाची बाई. मला सीमारेषा लागते. इथपर्यंत विसराळूपणा आणि इथून पुढे आजार, अशी रेघ कुणीतरी काढून द्यावी असं मला फार वाटायचं. कुणी देईना, तेव्हा मीच ठरवलं की हा टेरोसॉर ती काढून देईल. इतका गुंतागुंतीचा सांगाडा चित्र बघून जो बांधेल त्याचं डोकं ठिकाणावर आहे. आणि नाही बांधला तर? तो विचार मी केलाच नाही.

मी राहते मंचरला, तिथून दर रविवारी जुन्नरची एसटी धरायला लागले. घरात आमचं एक वाक्य हिंदीत असतं आणि दुसरं मराठीत, इथे सगळं मराठीतच लिहिते आहे. पहिल्या रविवारी मी छापून आणलेली चित्रं अब्बांसमोर परसात पसरली. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "डोळे हायत का त्याला?"

"नाहीत अब्बा. नुसती हाडं."

"मंग हरकत न्हाई. जित्त्या जिवाची मूर्त आपल्यात चालत न्हाई. डोळे काढायचे असते तर तुझ्या शाळेनं दुसरा मानूस बघायचा व्हता."

मी त्यांना वाचून दाखवलं की या प्राण्याची हाडं आतून पोकळ होती, भिंती अगदी पातळ, आतून बारीक आडवे टेकू दिलेले, आणि त्या पोकळीत हवा. अब्बांनी शेजारचा वेळू उचलला, नखाने त्याच्यावर टिचकी मारली, म्हणाले, "मंग वेळूच की." मला इतका आनंद झाला की मी लगेच भावाला फोन केला. तो म्हणाला, वेळू पोकळ असतो हे कुणालाही माहीत असतं. माझा भाऊ गॅरेज चालवतो, कौतुक करायची त्याला सवय नाही.

वेळू आहुप्याकडचा एक ओळखीचा माणूस आणून द्यायचा. देवराईतला नाही, बांधावरचा, हे अब्बा दर खेपेला विचारून घेत आणि तो दर खेपेला शपथ घेई. मग काम सुरू झालं, आणि माझा गोंधळही. डोकंच आधी धडापेक्षा लांब. चोच बिनदातांची आणि डोक्याच्या मागे तुरा, तोही हाडाचा. खांद्यांच्या मधले मणके एकमेकांत मिसळून त्यांची एकच कांब झालेली, आणि खांद्याचं पातं त्या कांबीला जाऊन टेकलेलं. छातीचं हाड ताटासारखं पसरट आणि त्याला पुढे धार. दंडाचं हाड आखूड, पण त्याच्या वरच्या टोकाला रुंद कंगोरा. उडायचे स्नायू तिथे धरायचे म्हणे. एका चित्रात हा प्राणी पक्ष्यासारखा दोन पायांवर उभा, दुसऱ्यात चारही पायांवर, पंख मिटून हातांनी चालतोय. खरं कुठलं, तर म्हणे दुसरं, तशी पावलं दगडात उमटलेली सापडलीत. अब्बा म्हणाले, "उडतो, सरपटतो, आता चालतो बी? एकदा काय ते ठरव." मी काय ठरवणार? मला तोवर मागचा पाय कुठला आणि पुढचा कुठला हेच चित्र फिरवून फिरवून बघावं लागत होतं.

मनगटाजवळ एक काडी होती. नुसती काडी. ती खांद्याकडे तोंड करून असते आणि पंखाच्या पुढच्या कडेचा पडदा ताणून धरते. जगातल्या दुसऱ्या कुठल्याच प्राण्याला ती नाही. ती नेमकी कशी बसायची यावर जाणकारांतसुद्धा वाद झालेले. पूर्वी काही लोक तर तिला अंगठाच समजायचे, असंही वाचलं. ते पान मी तिथेच बंद केलं, कारण बोटांवरून आमच्या परसात आधीच पेटलं होतं.

ते असं. आपला हात समोर धरा. अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं, ही तीन बोटं लहान ठेवा आणि त्यांना नख्या लावा. आता अंगठीचं बोट ओढा, ओढत राहा, अंगाहून लांब होईपर्यंत. सगळा पंख त्या एका बोटावर ताणलेला. वटवाघळाचा पंख चार बोटांवर पसरलेला असतो, याचा एकाच. आणि करंगळी? करंगळी नाहीच. नव्हतीच. हे मी अब्बांना पहिल्याच रविवारी समजावलं होतं आणि त्यांनी मान डोलावली होती. लांब बोटासाठी त्यांनी एकच वेळू निवडला, चार पेरांचा, टोकाकडे बारीक होत गेलेला. त्या प्राण्याच्या बोटालाही चारच पेरं. मी मनातल्या मनात नाचले.

पुढच्या रविवारी गेले तर उजवा हात तयार होता. तीन लहान बोटं, एक लांब, आणि त्याच्या पलीकडे नीट तासलेली, सुबक करंगळी.

"अब्बा, हे पाचवं कसलं?"

"पंजा हाय ना?"

"हो, पण चार बोटांचा."

"पंजा पाचाचा असतो. पंजतनचा, पैगंबर आन त्यांच्या घरच्या चौघांचा. जन्मभर मी पाच बोटांचा पंजा केला. तू म्हंतीस आता चाराचा कर. कसा करू?"

मी सांगितलं की हा तो पंजा नाही, हा एका जनावराचा हात आहे. ते म्हणाले, बरं. करंगळी सुतळी सोडून काढली, बाजूला ठेवली. मला वाटलं संपलं. त्याच्या पुढच्या रविवारी डावा हात झाला होता, पाच बोटांचा. आणि उजव्याचीही करंगळी परत बसली होती. मी विचारलं तर अब्बा म्हणाले, "पडली व्हती खाली. कुणी काढली काय म्हाईत."

आता यातून काय काढायचं? विसरले म्हणावं, तर खांद्याची कांब, छातीची धार, मनगटाची काडी, सगळं चित्राबरहुकूम. जे मी सांगायला विसरले तेही त्यांनी चित्रात बघून केलेलं. हट्ट म्हणावा, तर "कुणी काढली" असं विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं नवल होतं. भाभी म्हणाली, मुद्दाम करतात, त्यांना पाचच हवीत, भांडण नको म्हणून वेड पांघरतात. भाऊ म्हणाला, बघ, मी सांगत होतो. दोघांचंही मला पटायचं, ज्याचं शेवटी ऐकलं त्याचं जरा जास्त. एसटीत बसून मी स्वतःच्या बोटांकडे बघत राहायचे, अंगठीचं बोट ओढून बघायचे. शेजारच्या बाईने एकदा विचारलं, बोट दुखतंय का. मी हो म्हणून मोकळी झाले, काय सांगणार?

गल्लीतली माणसं येऊन बघून जायची. "चाचा, एवढं मोठं वटवाघूळ?" "चाचा, घार हाय का?" अब्बा कुणाला वटवाघूळ म्हणायचे, कुणाला हो घारच म्हणायचे. एकदा मी आतून ऐकलं, ते कुणाला तरी अगदी गंभीरपणे सांगत होते, "पोरीच्या शाळेचा ताबूत हाय." मस्करी असेल, असं मी स्वतःला समजावलं. तेव्हा मी सगळंच मस्करीच्या खात्यावर टाकत होते.

मग एका रविवारी माझा तोल गेला. प्रदर्शन जवळ आलं होतं, मोठ्या बाई रोज विचारत होत्या, आणि परसात तो अख्खा सांगाडा पंख पसरून पडला होता, देखणा, आणि दोन्ही हातांना पाच-पाच बोटं. मी अब्बांचा हात धरून त्यांचीच बोटं मोजायला लागले. "एक, दोन, तीन, चार. चार, अब्बा! किती वेळा सांगू, चार!"

अब्बांनी हात झटकला. ते ओरडले, लहानपणी मी पतंगासाठी गच्चीच्या कठड्यावर चढले होते तेव्हा ओरडले होते तसे. "शाळेत शिकवतीस म्हनून बापाला बोटं मोजाया शिकवतीस? ह्या बोटाला धरून तू चालायला शिकलीस. कुटलं बोट धरलं व्हतंस? करंगळी! तुझ्या मुठीत तेवढीच मावायची. आन तीच तोडाया निघालीस?"

मी पिशवी उचलली आणि भाभीचा चहा न घेताच निघाले. स्टँडपर्यंत रडत गेले. मला वाटत होतं, झालं, भाऊच खरा. ज्याला जनावराच्या हातात आणि स्वतःच्या हातात फरक कळत नाही त्याचं आता काय राहिलं? शाळेला काय सांगायचं ते मी ठरवून टाकलं. पाच बोटांचाच टांगू. मुलांना म्हणू, करंगळी ही कारागिराची भेट. कुणी मोजली तर बघू.

त्या आठवड्यात मी फोन केला नाही. त्यांनीही केला नाही. पण ते कधीच करत नसत, त्यामुळे त्यातून काही अर्थ निघत नव्हता.

रविवारी दार भाभीने उघडलं. "सकाळपासून कामात आहेत," ती म्हणाली. "आज कटकट नाही, काही नाही. एकदम शांत." ती चहा टाकायला आत गेली आणि मी परसात आले. अब्बा पाठमोरे बसून चोचीवर काचकागद घासत होते. मी आवाज न करता पंखाजवळ वाकले.

चार बोटं होती. उजव्या हाताला चार, डाव्या हाताला चार. करंगळी नुसती काढलेली नव्हती, तिच्या जागेची मनगटाची कड तासून, घासून गुळगुळीत केली होती, तिथे कधी काही नव्हतंच असं वाटावं इतकी. लहान तीन बोटांना नख्या, लांब बोटाला नाही, कारण त्या प्राण्याच्या त्या बोटाला नखी नसते, आणि हे मी त्यांना एकदाच, तेही ओझरता उल्लेख करून सांगितलं होतं. मोबाईलवरचं चित्र मी शेजारी धरलं. हाड अन् हाड जुळत होतं. एकही चूक नव्हती.

मला हुंदकाच आला. मी तिथूनच भावाला फोन लावला. म्हटलं, "अब्बा ठीक आहेत. सगळं समजून केलंय त्यांनी. करंगळी काढली." तो म्हणाला, खरं सांगतेस? मी म्हटलं, गॅरेज बंद कर आणि येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ. तो येतो म्हणाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला कशाचा गोंधळ उरला नव्हता.

माझा आवाज ऐकून अब्बा वळले. ते हसले. उठून त्यांनी शेजारचं पोतं झटकलं आणि माझ्यासाठी नीट अंथरलं.

"या बाई. बसा."

मीही हसले. रागावलेत अजून, म्हणून मास्तरणीला मान देतायत, असं मला वाटलं. "काय अब्बा," मी म्हटलं, "शेवटी काढलंच ना पाचवं बोट?"

"काढलं." त्यांनी पंखावरचा भुसा हाताने झाडला. "तसं पंजाला चार बोटं ठेवनं बरं न्हाई. पर माझी पोरगी हाय, शाळेत शिकवती, ती लई भांडली त्याच्यावरनं. रुसून गेली, चा बी घेतला न्हाई. म्हनलं, अल्ला माफ करील. पोरगी रुसायला नको."

मी थांबले. ते आता हसतील, मस्करी केली गं म्हणतील, म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आतून कपबश्यांचा आवाज येत होता. अब्बांनी पोत्याची दुमडलेली कड सरळ केली आणि गल्लीकडच्या दाराकडे मान वळवली.

"ऐतवारी येती ती. एस्टीनं. बसा तुमी, येईलच एवढ्यात. पर हात नका लावू हां बाई, पयलं तिला दावायचंय."

मी पोत्यावर बसले. ते माझ्या शेजारी बसले, आणि आम्ही दोघं दाराकडे बघत राहिलो.